साउंड कार्डवरचं कुंकू

माझा धाकटा भाऊ सोमनाथ माणसांशी बोलताना चाचरतो आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरशी मात्र तासन्‌तास गप्पा मारतो. "काय रे बाबा, कुठं दुखतंय तुला?" असं तो खरंच विचारतो. देवळाली कॅम्पात फौजींच्या घरोघरी त्याला बोलावणं असतं. हात हुशार, पण तोंडाने अगदी गरीब. मोठी बहीण म्हणून माझ्या डोक्याला हा कायमचा ताप.

२००३ साली हा गडी पिंपळगाव बसवंतच्या तेजस्विनीच्या प्रेमात पडला. ती नाशिकला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकायला यायची, हा तिथली मशीनं दुरुस्त करायचा. तिलाही तो आवडला होता. मी रीतसर मागणी घातली. तिचे वडील नाथाकाका द्राक्षबागाईतदार. त्यांनी गुरुजींना विचारलं आणि निरोप धाडला, पत्रिका जमत नाही. माझा नुसता तिळपापड झाला. सोमनाथ भांडला नाही, रडला नाही, फक्त अर्ध्या जेवणावरून उठायला लागला. ते मला जास्त लागलं.

दिवाळीच्या तोंडावर तेजस्विनीचाच फोन आला. "सरिताताई, आमचा कॉम्प्युटर मुका झालाय. त्यांना पाठवता का? दुरुस्तीला यायला बाबांची हरकत नाही."

म्हटलं, पाठवते कसली, घेऊनच येते!

नाथाकाकांनी "या" म्हटलं, पण बसा म्हणाले नाहीत. "दोन कारागीर येऊन गेले," ते सांगू लागले. "पहिल्यानं कार्ड चालू करायची सीडी घालून बघितली. दुसरा म्हनला, मदरबोर्ड नवा, साउंड कार्ड जुनं. या दोघांचं जमायचं नाय."

जमायचं नाय, हे शब्द ऐकून सोमनाथने मान खाली घातली. मी दात-ओठ खाल्ले.

तेजस्विनीच्या आईने, सगुणाबाईंनी, थोरल्या लेकीच्या लग्नाची सीडी लावून दाखवली. पडद्यावर बॅन्डवाले गाल फुगवून फुंकत होते आणि घरात चिडीचूप. "थोरली लांब दिलीय, सुरतेला," त्या म्हणाल्या. "आठवण आली की हेच लावून बसायची मी. आता तिचा आवाजच नाय."

सोमनाथने कॉम्प्युटरचा डबा उघडला, साउंड कार्ड उपसून बाहेर काढलं आणि बघतच राहिला. मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर हळदीकुंकवाचा वाळलेला थर होता.

"खंडेनवमीला पंपाची केली, ट्रॅक्टरची केली," सगुणाबाई कौतुकाने म्हणाल्या, "तसं नवा बोर्ड बसवायला बाहेर काढलेल्या ह्याचीबी पूजा केली. बसवायला आलेला माणूस म्हनला, दातांवरचं पुसतो. मी म्हनलं, खबरदार! पूजेचं कुंकू पुसतोस?"

नंतर आलेल्या दोघांनी कार्ड बाहेर काढलंच नव्हतं. बाहेरूनच निदान!

कुंकू पुसलं तर होणाऱ्या सासूबाई हातच्या गेल्या, नाही पुसलं तर कॉम्प्युटर मुका. सोमनाथ आता त-त-प-प करणार, अशी माझी खात्रीच होती. पण पठ्ठ्या चक्क बोलला.

"मावशी, टिळा कपाळाला लावतात. ह्याच्या तर तोंडात गेलाय, मग बोलेल कसा? तुमच्या हातचं कुंकू आहे, तुम्हीच काढा. आणि कपाळाला, म्हणजे डब्यावर, परत लावा."

सगुणाबाईंनी कार्डासाठी हात पुढे केला. तेजस्विनी पळत जाऊन खोडरबर घेऊन आली. त्या माउलीने एकेक दात पेन्सिलीचं खोडावं तसा घासला आणि देव्हाऱ्यातलं कुंकू आणून डब्यावर ठसठशीत बोट ओढलं. सोमनाथने कार्ड बसवलं, पहिल्या कारागिराने ठेवलेली कार्डाची सीडी पुन्हा घातली, स्पीकरची पिन नीट लावली आणि लग्नाची सीडी सुरू केली.

बॅन्ड असा दणक्यात वाजला की नाथाकाका खुर्चीवरून उठलेच. मग पाठवणी आली. "आई, येते गं," थोरली म्हणाली आणि सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

डोळे पुसून त्या नवऱ्याकडे वळल्या. "दोन शहाणे सांगून गेले, जमत नाय. जमत होतं की! कुणी उघडून बघितलंच नाय. तुमच्या गुरुजीनं तरी पत्रिका उघडली व्हती का?"

नाथाकाका खाकरले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "फोनवर इचारलं व्हतं," हळूच म्हणाले. "ते दुसरीकडच्या लग्नाच्या गडबडीत व्हते."

मी तोंड उघडणार होते. तेजस्विनीने माझा हात दाबला.

नाथाकाकांनी स्वतः खुर्ची ओढून सोमनाथपुढे ठेवली. "बस. एवढ्या खटपटीनं जमवनारा मानूस परत धाडला, तर ही मला घरात ठेवायची नाय. करशील का आमच्या पोरीशी लगीन?"

सोमनाथ बसला. घसा साफ केला. पुन्हा केला. जे काय बोलायचं होतं, ते मघाशीच बोलून संपलं होतं बहुतेक.

"बाबा," तेजस्विनी म्हणाली, "ते हो म्हणतायत."