अँटेना फिरवणारे भाऊ

"बाई, बातम्यावालीच्या कानातलं दिसून राह्यलं का?"

छतावरून हा प्रश्न आला की समजायचं, काम संपत आलं. चेहरा दिसतो का, असं भाऊ कधीच विचारायचे नाहीत. चेहरा काय, लोक पडद्यावरच्या मुंग्यांतूनही ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. कानातले डूल आहेत की कुड्या हे खालच्या माणसाला सांगता आलं, तरच अँटेना बसली. मग नट आवळून ते खाली उतरत आणि चहाचा कप हातात घेऊन स्वतः एकदा पडद्यापाशी वाकत. कुड्या असल्या की समाधानाने मान हलवत, जणू त्यांनीच घडवून दिल्या होत्या.

देवळीत त्यांना सगळे अँटेनावाले भाऊ म्हणत. खरं नाव होतं, पण ते मतदार यादीपुरतं. टीव्हीचा टॉवर वर्ध्याकडे, आणि गावातल्या प्रत्येक छतावरच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांचं तोंड तिकडे वळवायचं काम यांचं. वारा सुटला, माकडं नाचून गेली, की भाऊंना बोलावणं जायचं. माकडांना मात्र ते एक दगड मारू देत नसत. "त्यायच्यामुळंच तं घर चालते माह्यं," म्हणायचे.

त्यांचा एकच दंडक होता. खालच्या माणसाने खोटं बोलायचं नाही. तुम्हीही हे केलं असेल बघा: वर माणूस उन्हात पाइप फिरवतोय, खाली आपण टीव्हीसमोर कंटाळलोय, शेवटी दया येते आणि आपण ओरडतो, "आलं आलं, या खाली!" शेजारच्या आजींनी एकदा अगदी हेच केलं. भाऊ उतरून पाहतात तर पडदाभर मुंग्या. "आजी, मी का तुमचा जावई हाव, मले राजी ठेवाले? मुंग्या असन तं मुंग्या म्हना!"

मी शाळेत शिकवायचे, एकटी राहायचे, आणि तोंडाने फटकळ म्हणून गावात बदनाम होते. मुंग्यांना मुंग्या म्हणायला मला काय जातंय! त्यामुळे आमचं जमलं. गल्लीत भाऊ कोणाच्याही छतावर चढले तरी टीव्हीपुढे मलाच बसवायचे. "बाईले बोलवा. बाई खोटं बोलत नाई." खरं सांगते, या वाक्याचा मला भारी तोरा होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. त्या वर्षी सरहद्दीवर, डोंगरांत लढाई पेटली. महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. भाऊ लोकांच्या छतांवर चढत, उतरत, पण चहा मागेनासे झाले.

जूनमधली गोष्ट. दुपारी वादळ येऊन गेलं आणि संध्याकाळी टेलिफोन बूथवरून खबर फुटली, आपल्या जिल्ह्यातला एक जवान गेला, नाव सातच्या बातम्यांत सांगतील. गावातल्या अँटेना वादळाने आडव्या झाल्या होत्या, भाऊंची स्वतःची तर मोडूनच पडली होती. माझी नुसती फिरली होती. सातला दहा कमी असताना भाऊ आणि त्यांची बायको माझ्या दारात उभे राहिले. वहिनी उंबऱ्यातच खाली बसल्या. भाऊंनी शिडी लावली.

वारा अजून पडला नव्हता, आभाळ अंधारून होतं. माझ्या छताच्या कडेवरून विजेची तार गेलेली, आणि यांच्या हातात पंधरा फुटी लोखंडी पाइप. मी म्हणाले, "भाऊ, आज दुसऱ्या कोणाला चढू द्या ना."

"दुसऱ्यानं काऊन? माह्यं काम हाय." एवढं बोलून ते वर गेले.

ओरडलेलं वर ऐकू जावं म्हणून मी टीव्ही खिडकीला लागूनच ठेवला होता. पडद्यावर मुंग्या. "आलं का?" "मुंग्या!" पाइप करकरला. "आता?" "आवाज येतो, चित्र नाही!" बातम्या सुरू झालेल्या ऐकू येत होत्या, कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा चालला होता. पाइप पुन्हा करकरला आणि एकाएकी चित्र आलं. इतकं स्वच्छ की कानातले मोती मोजावेत. आणि ती बाई म्हणाली, "महाराष्ट्रातील तीन जवानांना वीरमरण आलं आहे." पहिलं नाव साताऱ्याकडचं. दुसरं नाशिककडचं. मग ती म्हणाली, "वर्धा जिल्ह्यातील..."

"आलं का, बाई?"

माझ्या डोळ्यांपुढे टीव्ही नव्हताच. छताच्या टोकावर उभा माणूस होता, हातात पाइप, बाजूला तार. पुढचं नाव त्यांच्या पोराचं निघालं आणि ते तिथेच लटपटले तर?

"नाई!" मी ओरडले. "मुंग्याच हायेत!"

पाइप करकन फिरला. चित्र तुटलं, आवाज गेला. नाव मुंग्यांत बुडालं. मी वळून पाहिलं तर वहिनी पदराचा बोळा तोंडात धरून माझ्याकडे बघत होत्या. जिल्ह्याचं नाव त्यांनी ऐकलं होतं.

भाऊ उतरले, पण पडद्यापाशी वाकले नाहीत. चपला पायात सरकवल्या, वहिनींना हाताला धरून उठवलं आणि दोघं निघून गेले. मी मात्र स्वतःला शिव्या घालत राहिले. अगं बये, एक क्षण गप्प बसली असतीस तर नाव तरी कळलं असतं! जे काय असेल ते. आता सकाळपर्यंत त्या घरात काय चाललं असेल?

पहाटे मी एस.टी. स्टँडवर जाऊन बसले. पहिल्या गाडीने पेपर आला. नाव दुसऱ्याच तालुक्यातल्या पोराचं होतं. मी, चाळीस वर्षांची मास्तरीण, गावातून पेपर फडकावत पळत सुटले. भाऊ ओट्यावर बसले होते.

"भाऊ, आपला नाई! आपला नाई!"

ते कपाळाला हात लावून लहान लेकरासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "कोनाचा हाय मंग?" आणि त्याच दिवशी दोन गाड्या बदलून ते त्या अनोळखी घरी जाऊन बसून आले.

त्यानंतर भाऊ माझ्याकडे यायचे, काम करायचे, पण मला विचारायचे नाहीत. पाइप थोडा फिरवायचा, शिडी उतरायची, स्वतः पडदा पाहायचा, पुन्हा चढायचं. गुडघे दुखत असताना दहा-दहा वेळा. दुसऱ्यांच्या घरीही मला बोलावणं बंद झालं. मी काय समजायचं ते समजले. खोटारडी ठरले. तोंड उघडून माफी मागायची, तर तेवढ्यापुरती जीभ कुठे जायची कोण जाणे.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग ती डिजिटल छत्री आली. माझ्याकडे बसवायला भाऊच आले, पार थकलेले. छत्रीसोबत आलेल्या पेटीमुळे सिग्नलची पकड किती ते पडद्यावर आकड्यात दिसायचं. "हे लय बेकार, बाई," म्हणाले. "येते तं पूर्न येते, नाई तं काईच नाई. मुंग्यांतून मानूस वळखाची मजाच गेली." माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी चित्र आलं होतं. मी खोटं बोलले."

ते हातातला पाना चोळत राहिले.

"मले मालूम हाय. मुंग्या असल्या का टीव्हीचा उजेड फडफडते. खिडकीतून तो समोरच्या भितीवर पडे, वरून थेच भित पाहून राह्यलतो मी. उजेड थिर झाला, आन् तुमी नाई म्हनलं. बाई खोटं बोलली, म्हंजे काईतरी वंगाळ हाय. मंग मीच फिरवला पाइप. मले ऐकाचंच नोतं, बाई. सगळ्याइले खरं सांगा म्हननारा मी... म्हून तुमाले काई इचाराची लाज ये."

त्या दिवाळीनंतर भाऊ गेले. तेरवीला मुलगा आला होता, फौजेतून निवृत्त झालेला. माझ्याकडे राहिलेली शिडी न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, "काकू, लढाईच्या साली, त्या वादळाच्या दिवशी बातम्या तुमच्याच घरी पाह्यल्या ना बाबानं? मले कधी सांगितलं नाई."

मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

"बाबानं फिरवला?" तो म्हणाला. मग शिडी घेऊन जायच्या ऐवजी त्याने ती भिंतीला लावली आणि वर चढला. जुना पाइप अजून तिथेच होता. दिवेलागणीची वेळ. मी खिडकी उघडली, टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. समोरच्या भिंतीवर उजेड पडला. तो वरून तिकडे पाहत राहिला, बराच वेळ खाली आला नाही.