उस्तादांचा अंदाज

उस्तादांना कमरेखाली हलता येत नव्हतं, पण अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आज कोण जिंकणार, हे ते सामना सुरू व्हायच्या आधीच सांगत. पुष्कळदा ते खरंही होई.

उस्ताद म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान. हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचे, म्हणून अख्खं उमरगा त्यांना उस्ताद म्हणे. मालावर ताडपत्री बांधताना ते वरून पडले, मणका गेला आणि रस्त्याकडच्या खोलीत ते कायमचे पलंगाला खिळले. मी तेव्हा उमरग्यात औषधाच्या दुकानात कामाला होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो.

एका सकाळी ताई अंगणवाडीत गेली असताना रिमोट त्यांच्या हातातून निसटून खाली पडला. टीव्हीवर बेसबॉल चाललं होतं. ती येईपर्यंत तेच बघत पडून राहण्यावाचून इलाज नव्हता. "आधी डोकं उठलं," ते मला सांगत होते, "मग म्हणलं, आपण बी हितंच अन् ही बी हितंच. वळख तर करून घ्यावी." पुढं त्या लोकांचं लांबट चेंडूचं फुटबॉलही त्यांनी असंच पडल्या पडल्या शिकून घेतलं.

त्यांची नजर माणसावर असे. "चेंडू फेकणाऱ्याचा खांदा बघ," म्हणायचे. "ड्रायव्हर दमला की आधी हात सैल पडतो. गाडी मागनं चुकते."

उस्तादांचे अंदाज खरे ठरतात ही बातमी बाहेर गेली आणि माणसं येऊ लागली. ते पडल्यापासून ओस असलेल्या त्या खोलीत पुन्हा चहाचे कप फिरू लागले. उस्ताद खुलले, दाढी रोज करून घेऊ लागले. पुढं कळलं, येणारे सगळे मोबाइलवर पैसे लावत होते. ताई चिडली. "बंद करा हे. हरले तर तुमाला बोलतील."

"बंद केलं तर कोन येतंय इथं?" ते भिंतीकडं बघत म्हणाले.

मग अंदाज चुकू लागले. चुकला की माणसं पलंगाशी उभी राहून वाटेल ते बोलत. उस्तादांना उठून जाता येत नव्हतं, कूस बदलायची तरी दुसऱ्याचा हात लागे. डोळे मिटून सगळं ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगत.

एका रविवारी ताई माहेरी गेली होती. सकाळीच चौकातला टायरवाला आला आणि त्यानं आतून कडी घातली. मी उठलो, पण उस्तादांनी नजरेनंच मला थांबवलं.

"आजचं सांगा उस्ताद. सांगितल्याबिगर जाणार न्हाय. दुकानातलं हवेचं मशीन बी इकलंय म्या."

उस्ताद शांतपणे म्हणाले, "बस खाली. उद्याचं मला कळत असतं, तर त्या दिवशी त्या मालावर मी चढलो असतो का?"

टायरवाला मटकन खाली बसला आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडला. उस्तादांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचत होता. तेवढा त्यांनी ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी कुणालाच अंदाज सांगितला नाही. आठवड्याभरात खोली रिकामी झाली. टायरवाला तेवढा येत राहिला. सकाळी दुकान उघडण्याआधी यायचा, उस्तादांना कुशीवर वळवायचा, पाठीला पावडर लावायचा आणि दोघं न बोलता टीव्ही बघत बसायचे.

पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळून पुढच्या उन्हाळ्यात उस्ताद गेले. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सामना लागला होता. मी सहज विचारलं, "भाऊजी, आज कोण?"

"म्हायती न्हाय," ते म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "गप बस. बघू दे."