डोळा नसलेला कंद

आमच्या होसगद्द्यात नागवेणक्काएवढी दानशूर बाई दुसरी नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कुणी नावं ठेवायला नको. दारात आलेली बाई तिच्याकडून रिकाम्या हाताने परत जायची नाही. गुळाचा खडा, पाणी, आणि निघताना पदरात डेलियाचा कंद. तोही साधासुधा नव्हे, पिकल्या जांभळाच्या रंगाचं, ताटलीएवढं फूल देणाऱ्या झाडाचा. लग्नात तिच्या आईने ओटीत घातलेला. तीस वर्षं ती तो वाटत होती, आणि तीस वर्षांत तसलं झाड अख्ख्या पंचक्रोशीत फक्त तिच्याच अंगणात होतं. आता बोला.

आमच्याकडे सुपारीची बाग पुरुषांची आणि अंगण बाईचं. पाहुणी आली की आधी अंगण बघते, मग तुमचं तोंड. रीत अशी, की कुणी रोप मागितलं तर नाही म्हणायचं नाही, म्हटलं तर आपलं झाड रुसतं. घेणारीने आभार मानायचे नाहीत, मानले तर रोप जगत नाही. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी तिच्याकडे कंद मागितला. आभार मानले नाहीत. राखेत जपला, मृगाच्या तोंडावर लावला, कुजलेलं शेणखत घातलं. श्रावण गेला, भाद्रपद गेला, कोंबाचा पत्ता नाही. उकरून पाहिलं तर कंद सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा मजेत पडलेला.

"हाताला गुण असावा लागतो गं श्यामले," नागवेणक्का हळहळून म्हणाली. "एकेकीच्या हाताला नसतो. त्याला तू तरी काय करणार?"

हे माझ्या सासूच्या कानावर पडलं, आणि तिचं आयुष्य सार्थकी लागलं. पुढे दूध नासलं तरी माझा हात, गाय आटली तरी माझा हात. अशी सहा वर्षं. दर वर्षी कंद घ्यायचा, लावायचा, आणि बोलणी खायची.

सातव्या वर्षी सुरणाची लावण करत होते. डोळा नसलेला तुकडा उगवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हातात सुरी होती, शेजारी नागवेणक्काचा ताजा कंद. सहज फिरवून पाहिला. डेलियाचा डोळा मानेपाशी असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. इथे मानच नव्हती, इतकी सफाईने उडवलेली. मग आठवलं, ती कंद नेहमी आत जाऊन आणायची. "थांब हं, चांगला निवडून देते." निवडायची खरंच. तोंडात गूळ आणि हातात सुरी.

भांडले असते, पण भांडून डोळा उगवत नाही. त्याच वर्षी कार्तिकात तिच्या नातवाचं बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या, आणि मी मागच्या दाराने जाऊन कंद उपटत होते. चोरून आणलेलं रोप जास्त फोफावतं असं आमच्याकडे म्हणतात, पण चोराने ते लावायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. मी लावलं न्हाणीघराच्या मागे, जिथे साबणाचं पाणी जातं आणि कुत्रा बांधलेला असतो. तीन वर्षं तिथे ते जांभळं फूल उमललं, आणि बघायला मी आणि कुत्रा. मिरवता येईना, देवाला वाहायची लाज वाटे. चोरी पचली, पण फुलाचं सुख काही मिळालं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास साळिंदर आलं. सकाळी नागवेणक्काच्या अंगणात नुसते खड्डे, आणि पोचपावती म्हणून दोन काटे. त्या जनावराने कंद खाल्ले ते मात्र डोळ्यांसकट.

नागवेणक्काची आई जाऊन बारा वर्षं झालेली. माहेरच्या अंगणात भावाने सुपारी वाळवायला फरशी घातलेली. आईचं म्हणून जे काही जगात उरलं होतं, ते एवढं झाडच. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी घरोघर निघाली. "मी दिलेला कंद असेल का गं?" प्रत्येक दारात तिला तिचंच उत्तर मिळालं, "कुठला अक्का, आमच्या हाताला गुण नाही ना." त्या बिचाऱ्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटत होतं.

शेवटी माझ्या दारात आली. गूळ पुढे केला तो तिने घेतला नाही. मला वाटलं होतं, हा दिवस आला की मला आनंद होईल. झाला नाही. तिला न्हाणीघरामागे नेलं. शेवटचं एक फूल होतं. तिने त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"कधी नेलंस?"

"बारशाला."

"आणि मी चोर समजून तीन वर्षं शेजारच्या मूकांबेशी बोलत नाहीये," ती म्हणाली.

मी गड्डा खणून काढला. साबणाच्या पाण्यावर वाढलेला, तो असून असून केवढा असणार. धड कंद दोनच, डोळेही दोनच. "एक तुम्हाला, एक मला," म्हणत मी सुरी तिच्या हातात दिली. तिच्याएवढी कापायची सवय गावात कुणाला होती?

तिने पहिला कंद डाव्या हातात घेतला, सुरी टेकवली आणि झटक्यात मान उडवली. डोळा साबणाच्या पाण्यात जाऊन पडला. मग तिला कळलं, कंद तिचा होता. ती पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

राहिलेला कंद मी सुरी न लावता, देठासकट तिच्या पदरात टाकला. डोळा नसलेला मी ठेवून घेतला. मला तशी सवय होतीच.

ती आभार मानायला तोंड उघडणार, तोच मी म्हटलं, "गप्प बसा अक्का, जगायचा नाही तो."

पुढच्या कार्तिकात ती माझ्या दारात कंद घेऊन आली. मी तिच्यासमोरच तो उलटापालटा केला, मानेवरून अंगठा फिरवला आणि डोळा लागेपर्यंत चाचपला. माझं होईपर्यंत ती उभी राहिली.