पिठात पाणी शिरलं

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, कारण एकदा तुम्ही हसायला लागलात की मला पुढे बोलू देणार नाही. अर्धं देवास अजून मला रस्त्यात थांबवून पाठीची चौकशी करतं. आणि माझ्या पाठीला कधी काही झालेलंच नाही हो! झालं होतं ते पिठाला.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पन्नाशी उलटली, डोक्यावर केस मोजके, आणि एक जुनी खोड आहे, शुद्ध मराठी बोलायची. आमच्या माळव्यात मराठी घरांतही निम्मी हिंदी चालते. "भिया, जरा आटा पिसवून आणतो" हे इथे चांगलं मराठी समजतात. मी मात्र पिठाला पीठच म्हणणार! समोरच्याला नाही कळलं तर त्यानं शिकावं, असा माझा बाणा.

दुसरी खोड नवी आणि गुप्त. मुलगी सुट्टीला आली होती, ती माझ्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून गेली. डोंगराच्या पोटात बुटक्यांची वस्ती वसवायची. दाढीवाले, रागीट, सदा तहानलेले बुटके. त्यांना खोल्या खणून द्यायच्या, शेती करून द्यायची, राक्षस आला की दरवाजे लावून घ्यायचे. मी एका आठवड्यात असा काही अडकलो म्हणता! पण सांगणार कुणाला? समाजाच्या उन्हाळी शिबिरात 'मुलांनो, स्क्रीनपासून दूर राहा' हे व्याख्यान दरवर्षी मीच देतो.

आणि आता महत्त्वाचं. आमच्या मंडळाचा गणपती मूर्तिकाराच्या घरून मांडवापर्यंत हातांवर आणायचा मान आमच्या घराण्याचा. आजोबांनी आणला, वडिलांनी आणला, आता मी आणतो. पुढे ढोल, दारादारात आरत्यांची ताटं, आणि मधे सोवळं नेसून मी. खरं सांगतो, वर्षातून तेवढाच वेळ मला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. माझे साडू विनायकराव, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान, या मानाकडे कधीपासून डोळा लावून बसलेत. भेटले की माझ्या तब्येतीची फार आपुलकीनं चौकशी करतात.

तर गणपती चार दिवसांवर आले होते. रविवार. बायको एका बारशाला इंदूरला निघाली होती. जाताना गव्हाचा डबा दारात ठेवून म्हणाली, "अहो, घरात चिमूटभर पीठ नाहीये. एवढं दळण चक्कीवर टाकून या. विसरू नका."

"छे, विसरतोय कसला!" असं म्हणून मी कॉम्प्युटर सुरू केला.

कारण माझ्या बुटक्यांकडेही पीठ नव्हतं ना! बिचारे किती दिवस कच्च्या भूछत्रांवर जगत होते. आता तुम्हाला वाटेल, गहू पिकवला की पीठ झालं. इतकं सोपं नाही ते. आधी दळायला बुटका पाहिजे. तो जात्यावर बसला की म्हणतो, रिकामी थैली नाही, मी दळत नाही. थैलीसाठी कापड, कापडासाठी सूत, सुतासाठी पुन्हा शेती. थैल्या शिवून झाल्या, तर मेल्यांनी त्यांत बियाणं भरून ठेवलं! पुन्हा थैल्या शिवा. घरी कधी साधी पिशवी घेऊन बाजारात न जाणारा मी, तिथे थैल्यांसाठी जीव टाकत होतो.

शेवटी कोठार पिठानं भरलं. बुटक्यांना गरम भाकऱ्या मिळणार म्हणून मला भरून आलं हो! तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी विज्ञानाचा मास्तर. म्हटलं, जातं कशाला, पाणचक्की बसवू. नदीपासून पाट खणायला बुटके लावले. एक कोपरा चुकला. सगळी नदी सरळ पिठाच्या कोठारात!

मी डोक्याला हात लावून बसलो, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. धारहून भाचा परेश. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. नोकरी करतो, पोरगा सोन्यासारखा, पण शाळा सगळी हिंदीत झाली.

"मामा, प्रणाम! कसे आहात?"

"कसला असणार? पीठ गेलं रे माझं!"

"क्या? पीठ?"

"पीठ रे, पीठ! सकाळपर्यंत छान होतं. आता सगळ्या पिठात पाणी शिरलंय."

"पीठ में पानी?" त्याचा आवाजच बदलला. "कैसे मामा?"

"माझीच चूक. नको तिथे खणलं."

"खणलं म्हणजे?"

"खोदलं रे, खोदलं!" तेवढा एक शब्द मी त्याच्यासाठी सोपा करून सांगितला.

त्यानं हळूच विचारलं, "किसने खोदा?"

"बुटके. दुसरं कोण? त्यांच्यावर विश्वास टाकला, हे माझं चुकलं."

"मामा, तुम्ही अस्पताल जा ना."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "अस्पतालात जाऊन पीठ परत येणार आहे का? पाणी उपसायला माणसं लावलीत. बघू, किती वाचतं ते," म्हणालो आणि फोन ठेवला. वर तो आवाज बंद करून बाजूला सारला, कारण बुटके बुडत होते.

आता कळलं ना काय झालं ते? हिंदीत पीठ म्हणजे पाठ! परेशच्या घरी सगळे आटा म्हणतात, त्यानं बिचाऱ्यानं माझं शुद्ध पीठ कधी ऐकलंय! तो धावत आईकडे गेला. "आई, मामाच्या पीठमधे पानी भरलंय! कोणी बुटके म्हणून डॉक्टर आहे, त्यानं पीठ खोदून ठेवली!"

माझी ताई म्हणजे जुन्या वळणाची बाई. तिनं त्याचं मराठी केलं, "अगं बाई! भाऊच्या पाठीत पाणी झालं!" आणि मला फोन लावत सुटली. मी कुठला उचलतोय? मग तिनं विनायकरावांना कळवलं. आणि मग आमच्या शेजारच्या दुबे भाभींना फोन केला.

आता ताईची हिंदी! चाळीस वर्षं धारमधे काढली, पण हिंदी अशी की ऐकणाऱ्यानं घाबरावं. ती म्हणाली, "भाभी, हमारे भाऊके घर पाठका हो गया है, एकदम अचानक! वो अकेला है. आप सब लोग जाके उसके पास बैठो!"

पाठ! हिंदीत पाठ म्हणजे काय? देवाचं पठण! घराघरांत बसवतात, ढोलक आणि मंजिरे म्हणजे टाळ घेऊन.

थोड्या वेळानं माझं दार वाजलं. उघडतो तो दुबे भाभी, मागे गल्लीतल्या सगळ्या बायका, एकीकडे ढोलक, एकीकडे मंजिरे, एकीच्या हातात हार घातलेली देवाची तसबीर.

"भाईसाहब, इतना अचानक! पाठ कहाँ है?"

मला ऐकू आलं पाट. म्हटलं, तसबीर ठेवायला पाट मागतायत. स्वयंपाकघरातून शिसवी पाट आणून मांडला. भाभी खूष. तसबीर पाटावर, उदबत्ती लागली, ढोलक सुरू!

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही विचारलं का नाही? अहो, मला वाटलं, बायकोनं बोलावलं असेल आणि मला सांगितलं असेल. ती सांगते तेव्हा मी 'हो' म्हणतो, ऐकतो असं नाही! मुकाट्यानं मांडी घालून बसलो आणि टाळ्या वाजवायला लागलो. मनात बुटके.

ढोलक दोन तास असं रंगलं की विचारू नका. आणि त्यातच दारात गाडी थांबली. ताई आणि परेश. परेशच्या काखेत गरम पाण्याची पिशवी, कमरेचा पट्टा आणि तेलाची बाटली. ताई उंबऱ्यातच थबकली. आत उदबत्ती, तसबीर, हार, बायका गातायत आणि मधे मी डोळे मिटून बसलेला.

"अगं बाई! भजनापर्यंत आलं!" ताईनं जो हंबरडा फोडला!

मी दचकून उठलो. "उठू नकोस भाऊ! पाठ हलवू नकोस!" ताई ओरडली. भाभींना वाटलं पाठ हलवायचा नाही, त्यांनी पाट घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात विनायकराव आले. बरोबर मंडळाचे अध्यक्ष, अण्णा. सत्तरीचे, कडक, सगळा समाज ज्यांना वचकून असतो ते. विनायकरावांचा चेहरा दुःखी होता, पण डोळे काही दुःखी नव्हते.

"तो डॉक्टर बुटके बसतो कुठे?" ते म्हणाले. "सगळं देवास पालथं घातलं. असो. तुम्ही मूर्तीची काळजी करू नका. मी आणतो यंदा. अण्णांना तसा शब्दसुद्धा दिलाय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मूर्ती? विनायकराव?

"काय झालंय मला? ठणठणीत आहे मी!" असं म्हणून मी सर्वांसमोर वाकून पायाचे अंगठे धरले. ताईनं डोळे झाकले. परेश पट्टा घेऊन धावला.

आणि या धांदलीत बायको घरी आली. घरात एवढी माणसं, पाठ चाललेला. तिनं एक अक्षर विचारलं नाही. माळव्यातली बाई आधी पाहुण्यांच्या तोंडात काही घालते, मग विचारते. प्रसादाला कणकेचा शिरा करावा म्हणून आत गेली, डबा उघडला आणि तशीच बाहेर आली.

"अहो, पीठ कुठे आहे?"

परेश रडवेला होऊन म्हणाला, "मामी, मामाकी पीठ में ही तो पानी भर गया है!"

"पिठात पाणी? कुठल्या पिठात? दळण तर दारातच पडलंय!"

ढोलकवाल्या बाईचा हातसुद्धा थांबला. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून टणटण घंटा वाजली. बुटक्यांच्या वस्तीवर संकट आलं की ती वाजते. परेश आत गेला आणि तिथूनच ओरडला, "मामा, ये दाढ़ीवाले कौन हैं? सब डूब रहे हैं!"

बघा आता. पाठ मोडली म्हणून कण्हत आडवा पडलो असतो, तर गुपित राहिलं असतं, पण मूर्ती गेली असती. खरं सांगितलं तर अब्रू जाणार, पण मूर्ती तरी राहील. मी मूर्ती धरली.

"हेच ते बुटके," मी म्हणालो.

"डॉक्टर?" ताईनं विचारलं.

"नाही ताई. नुसतेच बुटके." आणि सगळं सांगितलं. शेती, थैल्या, पाणचक्की, पूर. भाभींना परेशनं हिंदीत समजावलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून जमिनीवरच बसल्या. हसणं इतकं झालं की तसबीर हलली. एक ताई तेवढी हसली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मेल्या, मी वाटेत किती नवस बोलले रे!" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण जीव सगळा अण्णांच्या तोंडाकडे. "अण्णा, पाठ उत्तम आहे. तेव्हा मूर्ती..."

"मास्तर," अण्णा म्हणाले, "घरचं दळण दारात पडलंय आणि तुम्ही बुटक्यांना जेवू घालताय. गणपती हातात असताना ते आठवले म्हणजे? मूर्ती विनायकराव आणतील."

"पण अण्णा, आमचा मान..."

"तुमची पाठ ठणठणीत आहे ना? पिठाचा अभ्यासही दांडगा दिसतोय. महाप्रसादाच्या बाफल्यांचं दळण तुमच्याकडे. कणकेचे गोळे उकडून भाजायचे म्हणजे पीठ जाडसर हवं, तसंच दळून आणा. आणि तुमच्या त्या पाणचक्कीवर नव्हे!"

अब्रूही गेली, मूर्तीही गेली.

गणपतीच्या दिवशी ढोल वाजत होते. पुढे विनायकराव, रेशमी सोवळं, हातांवर बाप्पा, दारादारात औक्षण. मला ते बघवेना, खोटं कशाला बोलू? त्याच गर्दीत मी चक्कीवरून निघालेलो, पाठीवर बाफल्यांच्या पिठाचं पोतं, डोक्यापासून चपलांपर्यंत पांढरा. मनाशी पक्कं ठरवलं होतं, आता घोटाळा म्हणून करायचा नाही. समोरच्याचा शब्द नीट ऐकायचा, मगच तोंड उघडायचं.

दुबे भाभी बायकोबरोबर उभ्या होत्या. मला वाकलेला बघून त्यांना कळवळा आला. "भाईसाहब, अब पीठ कैसी है?"

मी शब्द नीट ऐकला. पोतं सावरलं आणि अभिमानानं म्हणालो, "मोटी पिसवाई है, भाभी!"

भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "बहनजी, एक पाठ और रखवा लो."