बाबांना न विचारता

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून शाईचं पॅड काढलं आणि बाबांच्या पुढ्यात सरकवलं. अंगठ्यासाठी. सही करता येते का, एवढंही विचारलं नाही.

बाबा गिरणीत होते. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या मंडळाचं इतिवृत्त वर्षानुवर्षं त्यांनीच लिहिलं. पण अंगात विरलेला सदरा, तोंडात मालवणी. झालं, अडाणी! आणि हे म्हणे आमचे पंचवीस वर्षांपासूनचे फॅमिली डॉक्टर.

कागद इंग्रजीत होता. बाबांची फुप्फुसं थकलीत. उद्या श्वास बंद पडत आला तर मशीन लावायचं की नाही, ते आधीच ठरवून ठेवायचा कागद. 'नाही'वर खूण करूनही झाली होती, माझ्या भावाशी फोनवर बोलून. भाऊ बँकेत साहेब, राहतो बोरिवलीला, येतो सणासुदीला. बाबांचं हगणंमुतणं मी काढते.

"डॉक्टर, हे कुणाला विचारून ठरवलंत?" मी विचारलं.

"तुमच्या भावाला समजावलंय सगळं. तुम्हा लोकांना हे झेपत नाही. उगाच रडारड करता."

तुम्हा लोकांना. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा धापा टाकत बोलले.

"मरूचा माका आसा. माका कोण इचारतलो?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "ह्यांना काही सांगू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

खरं होतं. मीच म्हणाले होते, दाराआड, हळूच. आपल्यात असंच करतात, माणूस हाय खातो म्हणून. डॉक्टरांनी बाबांना अडाणी ठरवलं, मी त्यांना कुकुलं बाळ ठरवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझ्या चुकीआड डॉक्टरांना लपू द्यायचं नव्हतं.

"मी चुकले. आता त्यांच्याशी बोला. मराठीत. सगळं."

"बाहेर पेशंट थांबलेत."

"आत बसलाय तोही पेशंटच आहे."

त्यांनी बेल दाबली. पुढचा पेशंट आत आला. मी तो कागद टेबलावरच फाडला आणि बाबांना उठवलं.

रिक्षात बाबांनी विचारलं, "कितके दिस, गो?"

मला ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

रविवारी भावाला बोलावलंय. बाबा बोलतील, तो ऐकेल. मग बाबा स्वतःच्या अक्षरात लिहितील, मशीन हवं की नको ते. हा डॉक्टर ऐकणार नसेल तर दुसरा बघेन. पण बाबांच्या मरणाचा निर्णय त्यांच्या पाठीमागे कुणी घ्यायचा नाही. मीसुद्धा नाही.