नाव न घेतलेलं गाऱ्हाणं

बहारीनमध्ये लाटा असतात, असं सांगितलं की लोक हसतात. त्यांचं चुकत नाही. आमचा समुद्र बहुतेक दिवस ताटातल्या आमटीसारखा पडून असतो. पण शमाल सुटला, म्हणजे उत्तरेकडचा तो कोरडा, धूळ घेऊन येणारा वारा, की बुसैतीनच्या किनाऱ्याला कमरेएवढ्या लाटा लागतात. तेवढ्यावर आम्ही सर्फिंग शिकलो. आम्ही म्हणजे कॉलेजातली सात-आठ मुलं-मुली आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या पाच फळ्या.

मी त्यांच्यात कशी गेले ते मला नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिलं वर्षभर मी कुणाशी फारसं बोललेच नाही, कारण काय बोलायचं ते सुचायचं नाही. एका मल्याळी मुलीने मला एकदा ओढत किनाऱ्यावर नेलं. ती पुढे माझी मैत्रीण झाली. फळीवर पोटावर झोपून हात मारायला लागले तेव्हा पहिल्यांदा मला कुणाशी बोलावं लागत नव्हतं, आणि तरी मी सगळ्यांच्यात होते.

आमच्या गटाचा कॅप्टन होता. कुणी निवडला नव्हता, पण फळ्या ठेवायला त्याच्या अदलिया भागातल्या घराची गच्ची होती. मग दुसरं कोण कॅप्टन होणार? मूळचा दिल्लीकडचा. वाईट बोलायचा नाही. हेच मला सगळ्यात जड जातं. तो नेहमी गोडच बोलायचा.

दुसऱ्या वर्षी ठरलं की मालदीवला जायचं, खऱ्या लाटांवर. मालदीवच्या एका छोट्या बेटावर राहायची सोय झाली, सहा जणांची. त्या सहांत मी होते. बाबांना विचारायला मला आठवडा लागला. बाबा शाळेची बस चालवतात. मालवणजवळच्या खेड्यातले आहेत, समुद्र बघतच मोठे झाले. मी अडखळत अडखळत सांगितलं, तर ते जेवता जेवता म्हणाले, दर्यात जातंस तर भिया कसला, आणि आईला म्हणाले, हिला बॅग लागेल. दुसऱ्या दिवशी मनामाच्या बाजारातून ते चाकांची निळी बॅग घेऊन आले. उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या दोन खोल्यांत ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून कपाटावर चढवली. बाबा येताजाता तिच्याकडे बघायचे.

मग एके दिवशी किनाऱ्यावर फळ्या धुताना मैत्रिणीने मला सांगितलं की माझ्या जागी कॅप्टनची मावसबहीण जाणार आहे. मी गेले त्याच्याकडे. मला वाटत होतं की काहीतरी घोटाळा झाला असेल. तो माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या मुलाशी बोलत होता, आणि मी मागे उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"उसके घर में नहीं चलेगा, यार. ड्राइवर है बाप, गाँव के लोग हैं. पूछ के शर्मिंदा क्यों करना?"

मग त्याने मला पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला की पुढच्या वर्षी नक्की. मी मान हलवली. आजवर मी किती तरी वेळा मान हलवली असेल, पण त्या एका वेळेचा मला अजून राग येतो.

त्याने मला विचारलं नाही. बाबांना विचारलं नाही. माझ्या बाबांनी काय उत्तर दिलं असतं ते त्याने स्वतःच ठरवलं, आणि ते चुकीचं ठरवलं. बाबा "हो" म्हणाले होते. निळी बॅग कपाटावर होती. घरी मी एवढंच सांगितलं की जागा कमी पडल्या. बाबांनी जास्त विचारलं नाही.

त्यानंतर मी रोज त्याच्याबद्दल विचार करायचे. अभ्यास करताना, भांडी घासताना. कधी मनात त्याची फळी मोडायची, कधी तो सगळ्यांसमोर तोंडघशी पडायचा. एवढा राग माझ्यात मावेल असं मला वाटलं नव्हतं. पण मावला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाची सोबत वाटायला लागली.

मग कॅप्टनचाच फोन आला. एवढ्या लांब फळ्या टॅक्सीत मावत नाहीत, तर अंकलची मिनीबस मिळेल का विमानतळापर्यंत? मी नाही म्हणणार होते. पण बाबा शेजारीच बसले होते, आणि त्यांनी हात हलवून होकार दिला. पोरांची कामं करावीत, म्हणाले.

आमच्याकडे गाडी किंवा होडी लांबच्या वाटेला निघाली की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवासमोर उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने मागायचं. एकाने मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि शेवटी नारळ. गावाकडे हा मान ठरलेल्या घराचा असतो. बाबा त्या घराण्यातले नव्हेत. पण हिथे मानकरी खंयसून आणूचो, असं म्हणून त्यांनी बहारीनमध्ये तो मान स्वतःकडे घेतला आहे. शाळा सुरू होते त्या दिवशी ते बससमोर गाऱ्हाणं घालतात आणि आई व शेजारचा बंगाली वॉचमन मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात.

अदलियाच्या गल्लीत फळ्या बांधून झाल्या तेव्हा बाबांनी नारळ काढला. सगळ्यांना भारी वाटलं. त्यांनी फोन काढले. बाबांनी त्यांना "व्हय म्हाराजा" शिकवलं. कॅप्टन तर दोनदा म्हणून बघत होता, अंकल, ऐसे? जोर से?

तेव्हा मी पुढे झाले आणि म्हटलं, बाबा, आज मी घालते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मुलींनी घालू नये असं काही ते म्हणाले नाहीत. बाजूला सरकले. मी डोळे मिटले. शब्द मला लहानपणापासून पाठ होते, आणि मालवणी त्यांच्यात कुणालाच कळत नव्हती.

"बा देवा म्हाराजा, ही पोरां आज दर्यापार चलली हत, तेंका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे ओरडले.

"जातत तशी सुखरूप परत हाड."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या गाडयेत एक आसा, तेका थंय एकव लाट गावाक देव नको."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज कॅप्टनचा होता. फोन वर धरून, हसत. त्याला तिथे एकही लाट मिळू नये, या मागण्याला त्याने स्वतःच होकार दिला, आणि तो होकार स्वतःच्याच फोनमध्ये भरून घेतला. मला इतका आनंद झाला की मी नवसही बोलून टाकला.

"ह्या तू केलंस तर माजी पुढची पयली लाट तुका."

बाकीच्यांनी पुन्हा आरोळी दिली. फक्त बाबांचा आवाज आला नाही. ते नारळ हातात धरून उभे होते. पण एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही. त्यांनी तो फोडला आणि पाणी टायरवर शिंपडलं.

मुहर्रकच्या विमानतळावर त्यांना सोडून परत येताना पूल लागला. बाबा म्हणाले, खरा काय ता सांग. मी सांगितलं. ड्रायव्हर आहे बाप, हेही सांगितलं, कारण लपवलं असतं तर मला सारखं तेच आठवत राहिलं असतं. बाबांनी समोरच्या काचेवर पाणी मारलं, वायपर चालू केला. काच स्वच्छच होती.

मग म्हणाले, "नाव खंय घेतलंस तू?"

"त्याला कळलं असतं ना."

"देवाक घर दाखवूक होया. गाडयेत एक आसा म्हटलंस. गाडयेत सगळेच होते."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. गाऱ्हाण्यात नाव, गाव, घराणं सांगतात ते उगीच नाही, हे मला माहीत होतं. त्याला कळू नये म्हणून मी तेच गाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा मेसेज आला. समुद्र तळ्यासारखा. चौथ्या दिवशी तसाच. तिथले लोक म्हणे चकित झाले होते, या दिवसांत असं होत नाही. सहाच्या सहा जण फळ्यांवर बसून पाय हलवत होते. मैत्रीणही. तिच्या वाटची एक तरी लाट मी वगळायला हवी होती, एवढं मला वाईट वाटलं. पण कॅप्टनचा तिने पाठवलेला फोटो मी किती वेळा उघडला ते सांगत नाही. नाक सोललेलं, तोंड पडलेलं. मी तो आईला पण दाखवला.

परत आल्यावर तो मला भेटला आणि म्हणाला की बरं झालं तू नाही आलीस, तिथे काहीच नव्हतं. पुन्हा तसंच गोड. त्याला शिक्षा झाली होती आणि ते त्यालाच माहीत नव्हतं. जिच्यामुळे झाली तिचीच तो समजूत घालत होता. माझा सूड अर्धवट राहिला, आणि तो अर्धा जास्त टोचायला लागला.

पुढे शमाल आला. आम्ही सगळे बुसैतीनला गेलो. बाबा मला सोडायला आले आणि त्या दिवशी परत गेले नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या काठाशी उभे राहिले. मी पाण्यात शिरताना मला एवढंच म्हणाले होते, बोललंस ता फेडूक होया.

लाट आली. आमच्या किनाऱ्यावर अशी मी कधी बघितली नव्हती, छातीएवढी, कडेपासून हळूहळू फुटत येणारी. जिथे ती फुटत होती तिथे सगळ्यात जवळ मी होते. सर्फिंगचा नियम असा आहे की त्या माणसाचा पहिला हक्क. कॅप्टन माझ्या पलीकडे होता. मी हात मारला असता तर तो थांबला असता. मी हात पाण्याबाहेर काढले आणि मांड्यांवर ठेवले. लाट माझ्या खालून गेली. मी मनात देवाला म्हटलं, घे.

आणि घेतली त्याने. देवाच्या नावाने सोडलेली लाट कॅप्टनने घेतली, उभा राहिला, थेट बाबांच्या पायाशी जाऊन उतरला. बाबांना हात केला. परत येताना दात दाखवत माझ्याकडे बघून थँक यू म्हणाला.

मी रडले नाही. माझं देणं फिटलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. आता मला पुन्हा मागता येणार होतं.

मी फळीवर ताठ बसले. तो माझ्यापासून दोन फळ्यांच्या अंतरावर होता. मोठ्याने सुरू केलं, बा देवा म्हाराजा. त्याने ओळखलं आणि खूश झाला. या वेळी मी त्याचं नाव घेतलं. त्याच्या वडिलांचं नाव घेतलं. अदलियाची गल्ली सांगितली, गच्ची सांगितली, दारासमोरचं खजुराचं झाड सांगितलं. आपलं नाव ऐकून त्याने हात वर केला.

"जशी हेणां माजी जागा माका न इचारता दुसऱ्याक दिली, तशीच हेची जागा हेका न इचारता कोणीतरी दुसऱ्याक देवंदे."

"व्हय म्हाराजा!" तो ओरडला.

वारा माझ्या पाठीकडून किनाऱ्याकडे वाहत होता. माझा शब्द न् शब्द तिथे पोचत असणार. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, कपाळावर आडवा हात धरून. वाऱ्याविरुद्ध त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. पण त्यांचे ओठ हललेले मी पाहिले, व्हय म्हाराजा म्हणताना हलतात तसे.