बजबजचा पितळी डबा

आईला राग आला की ती भांडी घासायची. अप्पा गेल्याची खबर आली त्या दिवशी तिनं घरातलं एकूण एक भांडं घासलं, मग कुंकू पुसलं आणि म्हणाली, "मरतानासुद्धा बुडवून गेले बघ." मी रडायला लागले तर माझ्यावरच खेकसली.

अप्पा बंगाली मुलखात, खिदिरपूरच्या गोदीत कारकून होते. मी पाच वर्षांची असताना ते आम्हा मायलेकींना एका खोलीत ठेवून बजबजला एका बंगाली बाईकडे राहायला गेले. आईनं कोर्टातून माझी पोटगी बांधून घेतली, महिना पंधरा रुपये. काही वर्षं रडतखडत आले, शेवटी शेवटी ठणठणपाळ. आई तीन-चार मराठी कारकुनांना जेवण करून घालायची, त्यावर पोट भरायचं. पण माझ्या शाळेची फी त्या पोटगीवर, आणि ती थकली होती. दुर्गापूजेच्या सुट्टीच्या आत भरा, नाहीतर नाव काढू, असं शाळेच्या बाईंनी बजावलं होतं.

आईकडे जेवणाऱ्यांत एक वकील होते. ते म्हणाले, "माणूस मेला तरी देणं मरत नाही. मागं काय ठेवलंय ते बघू." मागं काय असणार, कपाळ! फंड आजारपणात आणि उधारीत संपला होता. उरलं होतं अप्पांनी घेतलेलं शिवणाचं मशीन. त्यावर ती बाई दुकानाचे फ्रॉक शिवून आपलं आणि आपल्या मुलीचं, म्हणजे माझ्या सावत्र बहिणीचं, पोट भरत होती. वकिलांनी कागद केला: दरमहा दहा रुपये द्यायचे, लागोपाठ दोन हप्ते चुकले तर मशीन आमचं. बाईनं मुकाट्यानं सही केली.

पैसे आणायला जाणार कोण? आईनं त्या बाईचं तोंड पाहायचं नाही अशी शपथ घेतलेली. मग उरले मी, चौदा वर्षांची घोडी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझेरहाटला गाडीत बसायचं, बजबजला उतरायचं आणि ज्यूट मिलच्या मागच्या गल्लीत जाऊन हात पसरायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

पहिल्याच खेपेला त्या बाईनं दहाची नोट दिली आणि वर एका पितळी डब्यात नारळाचे लाडू. आईनं डबा उघडलासुद्धा नाही. "खा नाहीतर चुलीत घाल," म्हणाली. मी खाल्ले. दुसऱ्या महिन्यात निघताना बघते तर आईनं तोच डबा चिंचेनं लख्ख घासून त्यात शंकरपाळे भरले होते. रेशनची साखर खर्चून!

"अगं, पण तू तर तिला शिव्या देतेस," मी म्हटलं.

"शिव्या देईन नाहीतर काय करीन. रिकामा डबा परत पाठवायची आपल्यात रीत नाही. मग तो वैरिणीचा का असेना."

असा तो डबा जाऊ-येऊ लागला. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, आणि मध्ये मी.

चौथ्या खेपेला धाकटी दारात बसून फ्रॉकना बटणं लावत होती. सात-आठ वर्षांची असेल. मी विचारलं, "आज रविवारी पण?" तर म्हणाली, "रोजच. शाळा सोडली ना मी." पाटी वर फळीवर ठेवलेली, धूळ बसलेली. तिचं नाक अगदी अप्पांचं होतं. बाईनं मला नोट दिली आणि चहा टाकायला आत गेली. मी काय केलं, तर डब्याचं झाकण काढलं, शंकरपाळ्यांच्या खाली ती नोट सारली आणि झाकण लावलं. औदार्य वगैरे काही नव्हतं हो. ती नोट हातात धरवेना, एवढंच.

घरी येऊन सांगितलं, "पुढच्या महिन्यात देते म्हणाली." आईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि कढई घासायला घेतली.

पुढच्या महिन्यात गेले तर बाईनं मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला. "आईनं पाठवली ना ग ती नोट? माफ केलं ना आम्हाला?" मी होकाराची मान हलवली. तिनं पैसे काढले नाहीत. का काढेल? तिच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. तिनं डबा संदेश नावाच्या बंगाली मिठाईनं गच्च भरून दिला.

घरी मी सांगितलं, "याही महिन्यात नाहीत म्हणाली," आणि आईनं पहिल्यांदाच तिकडून आलेला डबा स्वतः उघडला. "पैसे नाहीत म्हणते आणि छेन्याची मिठाई पाठवते? कोडगी कुठली!" आणि तशीच वकिलांकडे गेली. दोन हप्ते चुकले होते. मला सांगता आलं असतं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, केव्हाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पण तोंडाला कुलूप ते कुलूपच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आड माझ्याच हातानं खणलेला.

आठ दिवसांत हातगाडीवरून मशीन आमच्या खोलीत आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात ती बाई उभी. एका हातात तोच पितळी डबा, म्हणजे मशीन न्यायला गेलेल्या माणसाबरोबर आईनं शंकरपाळे भरून पाठवलेला. दुसऱ्या हाताला धाकटी.

आईनं भिंतीकडे तोंड केलं. शपथ मोडली नाही. तिची बंगाली भाजीवाल्यापुरती. बाईला मराठीचा गंध नाही. बोलायचं ते माझ्याच तोंडून.

बाई मला म्हणाली, "आईला विचार, पैसे परत पाठवलेस ते माफ केलंस म्हणूनच ना? मग मशीन का नेलंस?"

"काय म्हणतेय ती?" आईनं भिंतीला विचारलं.

माराची भीती नव्हती. आईला कळेल की मी त्या घराकडून झाले, याची होती. मी म्हटलं, "थोडी मुदत द्या म्हणतेय."

"म्हणावं, दोन महिने दिली की! कागद तो कागद."

मी बाईकडे वळले आणि तेवढंच सांगितलं, "कागद तो कागद." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं. आईला एक अक्षर सांगितलं नाही तिनं, मला शिवी दिली नाही. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि मुलीचा हात धरून जिना उतरली.

डब्यात वीस रुपये निघाले. चुरगळलेल्या नोटा आणि चिल्लर, कुणाकुणाकडून मागून आणल्यासारखी.

"बघितलंस?" आई म्हणाली. "होते पैसे! दडवून बसली होती." मरेपर्यंत आई तिला खोटारडी म्हणत राहिली, आणि मी ऐकत राहिले. त्या वीस रुपयांत माझी उरलेली फी भरली. त्या मशीनवर आई शिवण शिकली, आणि त्याच्या खडखडाटात अभ्यास करून मी मॅट्रिक झाले.

ते वीस रुपये आले तेव्हाही आईनं डबा घासला, शंकरपाळे भरले आणि मला बजबजला धाडलं. मी माझेरहाटपर्यंत गेले. गाडी आली, गेली. शंकरपाळे एका भिकारणीच्या पदरात ओतले, डबा पिशवीत खाली दडपला आणि घरी येऊन म्हटलं, "दिला."

तो अजून माझ्याकडे आहे. दर दिवाळीला मी तो चिंचेनं घासते. रिकामा परत करायचा नाही, आणि त्यात काय घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही.